उष्टं पिंप

हर्शेल टॅकेट पिंपांच्या कारखान्यातून निवृत्त झाला तेव्हा मालकांनी त्याला भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. हर्शेलने ते हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि परत टेबलावर ठेवलं. "मला आता कुठे वेळेवर जायचंय?" तो म्हणाला. "द्यायचंच असेल तर एका पिंपाचं लाकूड द्या."

मालक हसले, पण लाकूड दिलं. पांढऱ्या ओकच्या फळ्या, तीन वर्षं उघड्यावर ऊनपाऊस खाऊन मुरलेल्या. हर्शेलने त्यांची मोळी बांधली आणि घराच्या ओसरीवर भिंतीशी उभी केली. त्याची बायको नॅडीन आल्यागेल्याला ती मोळी दाखवायची. "लोक म्हातारपणी सोनंनाणं जपतात, आमचे हे सरपण जपतात!"

केंटकीतल्या त्या कारखान्यात हर्शेलने उभं आयुष्य काढलं. फळ्या गोल उभ्या करायच्या, लोखंडी कड्यांत आवळायच्या, आत जाळ करून लाकूड मगरीच्या पाठीसारखं भेगाळेपर्यंत जाळायचं, झाकणं बसवायची आणि पिंप दाराबाहेर ढकलायचं. पिंप जायचं ते रिकामंच. त्यात कुणाची दारू पडली, ती कशी झाली, कुणी प्यायली, हे त्याला कधी कळलं नाही. मुलीमागून मुली नांदायला पाठवाव्यात आणि एकीचीही खुशाली येऊ नये, तसला हा धंदा. तक्रार करायचा त्याचा स्वभाव नव्हता, पण मनात ते होतं.

बर्बनला, म्हणजे केंटकीच्या मक्याच्या व्हिस्कीला, दर वेळी कोरं पिंप लागतं, कायदाच तसा आहे. एकदा वापरलं की त्याची किंमत संपली. काही पिंपं अर्धी कापून लोक त्यात फुलझाडं लावायचे आणि बाकीची जहाजाने स्कॉटलंडला जायची. दुसऱ्यांनी वापरून टाकलेली पिंपं विकत घेणारे म्हणजे बिचारे फारच गरीब असणार, असं हर्शेलला कित्येक वर्षं वाटत होतं.

आणि त्याच गरिबांच्या देशात त्याची एकुलती एक लेक डार्ला जाऊन राहिली, तिथल्या एका बेटावर व्हिस्की करायला शिकली आणि परत आली ती केंटकीत नव्हे, इकडे मोन्टॅनात, आमच्या ड्राय फोर्कात. इथल्या गेलन ब्रेकीशी तिने लग्न केलं. गेलनच्या घरात तीन पिढ्यांचा जव. गावातली दुधाची डेअरी बंद पडली होती, ती डार्लाने घेतली. दुधाच्या टाक्यांत मोडाचा जव भिजू लागला, आंबू लागला, आणि मागच्या खोलीत लांब मानेचा तांब्याचा हंडा आला. ड्राय फोर्कवाल्यांना व्हिस्की पिता येते, करता येत नाही, असा आमचाच आमच्याबद्दल समज होता. डार्लाने तो मोडला. तिची नुसत्या जवाची सिंगल माल्ट व्हिस्की आता लांबलांबची माणसं न्यायला येतात, आणि आम्ही लोक ती आम्हीच केल्यासारखे मिरवतो.

नॅडीन गेली त्या वर्षी डार्ला बापाला न्यायला केंटकीला गेली. हर्शेलचे कपडे दोन खोक्यांत मावले. ती खोकी त्याने गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात टाकली आणि फळ्यांची मोळी मात्र पुढे, स्वतःच्या आणि लेकीच्या मध्ये बसवली.

"डॅडी, ती मागे ठेव ना. मला गिअर टाकता येत नाहीये."

"पाऊस लागेल."

"तीन वर्षं पावसातच होती ना ती?"

"तेव्हा ती माझी नव्हती," हर्शेल म्हणाला. डार्लाने मोन्टॅनापर्यंत कोपर अंगाशी घेऊन गाडी चालवली.

पहिल्याच दिवशी तिने त्याला कौतुकाने गोदाम दाखवलं. पत्र्याचं छप्पर, आत थंडगार, आणि मांडणीवर ओळीने पिंपं. हर्शेल दारातच थांबला. पिंपं काळवंडलेली होती, डागाळलेली होती, काहींवर दुसऱ्याच कुणाची नावं होती.

"ही कुणाची?"

"माझी. आधी काही केंटकीवाल्यांकडे होती, काही कॅलिफोर्नियात वाइनवाल्यांकडे."

"म्हणजे उष्टी."

"वापरलेली, डॅडी."

"त्यालाच उष्टी म्हणतात. खरकट्या ताटात कुणी पाहुण्याला वाढतं का गं? ती स्कॉटलंडची माणसं गरीब, त्यांचं समजू शकतो. तुला काय झालं?"

डार्ला हसली. हा प्रश्न येणार हे तिला केंटकी सोडतानाच माहीत होतं. "हे बघ, कोरा ओक म्हणजे भांडकुदळ बाई. ती बोलायला लागली की दुसऱ्या कुणाचं ऐकू येत नाही. तुमच्या मक्याच्या बर्बनला ते चालतं, मक्याला मुळात अंगचं सांगण्यासारखं काही नसतं. ही नुसत्या जवाची. ही हळू बोलते. त्या लाकडाचा जोर आधी कुणीतरी काढून घेतलेला असला, तरच हिचं ऐकू येतं."

"मक्याला अंगचं काही नसतं, हे केंटकीत बोलली असतीस तर चर्चमधून नाव काढलं असतं तुझं."

"म्हणून तर इकडे आले."

वाद तिथेच मिटला नाही. तो रोज थोडा थोडा चालू राहिला, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही त्याची सवय लागली. एरवी हर्शेल ड्राय फोर्कात मजेत रुळला. सकाळी तो ओपल रॅस्मुसेनच्या खानावळीत जाई. ओपल विधवा, जिभेने तिखट, हाताला चव असलेली. तिच्या पांढऱ्या रश्शाला हर्शेल रोज नावं ठेवायचा.

"ओपलबाई, हा रस्सा भिंतीला गिलावा करायला बरा आहे."

"मग उद्या थापी घेऊन या, हर्शेल. चमचा कशाला वाया घालवता?"

आणि बशी चाटूनपुसून रिकामी व्हायची.

तिथून तो गोदामात. एखादं पिंप पाझरत असलं की त्याला चैन पडत नसे. पाटाच्या कडेला पाणगवत वाढायचं, त्याची पाती तो दोन फळ्यांच्या फटीत ठोकून बसवायचा, कुठे बारीक भोक असलं तर देवदाराची पाचर मारायचा. "उष्टं असलं म्हणून काय झालं, गळताना बघवत नाही," असं वर म्हणायचा. मात्र त्यापलीकडे त्या पिंपांना हात लावायचा नाही. जुनी पिंपं आतून पातळ तासून हलकी शेकली की पुन्हा कामाची होतात. असं काम करणारा जवळपास कुणी नव्हता, डार्लाला ती लांब पाठवावी लागत. घरात असा माणूस बसलेला, आणि तो म्हणे, "मी कोरी पिंपं करणारा माणूस आहे, भांडी घासणारा नाही."

जव गरम पाण्यात भिजायचा त्या दिवशी मात्र हर्शेल खुर्ची घेऊन भट्टीच्या दाराशी बसे. पाव भाजल्यावर वरचा पापुद्रा जसा दरवळतो तसला वास यायचा, त्यात थोडा मध. त्याला तो फार आवडायचा. "पाय दुखतात म्हणून बसलोय," असं तो सांगायचा.

दुसऱ्या हिवाळ्यात त्याने मोळी सोडली. गेलनच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये जागा केली, केंटकीहून आणलेली अवजारं परजली आणि कुणाच्याही मदतीवाचून पिंप उभं केलं. आतला जाळ लागला तेव्हा गेलन पाण्याची बादली घेऊन दारात उभा होता, आणि हर्शेल ज्वाळा छातीपर्यंत आल्या तरी हलत नव्हता. पिंप झालं ते देखणं. फळ्यांच्या सांध्यात नख शिरत नव्हतं. हर्शेलने ते लेकीला दाखवलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"डॅडी, काय सुरेख केलंस रे!" डार्लाने दोन्ही हातांनी ते चाचपलं. "पाहुणे येतात ना, त्या खोलीत ठेवू. वरून दिवा सोडू."

"रिकामं?"

"हो, शोभेला."

"इथली हवा कोरडी. रिकामं पिंप वाळेल. फळ्या सुटतील."

"मग अधूनमधून पाणी घालू त्यात."

पाणी! हर्शेल रात्री जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला. डार्लाने मनापासून कौतुक केलं होतं, तिच्या ध्यानीमनीही नव्हतं की आपण बापाचं काळीज चिरलं. त्याला काय हवं होतं ते त्याने तिला सांगितलंच नव्हतं. एवढंच हवं होतं, की आपल्या एका तरी पिंपात काय पडतंय ते डोळ्यांनी बघावं, आणि ते लेकीच्या हातचं असावं. म्हणून तर ती मोळी इतकी वर्षं बांधून ठेवलेली. आता ते पिंप दिव्याखाली पाणी पीत उभं राहणार होतं.

वसंतात डार्ला डेन्व्हरला गेली, तिथे भट्टीवाल्यांचा मेळा होता. गेलन पेरणीवर. टाकीत दारू तयार होती, आणि ती नेहमीची नव्हती. तोवर डार्ला बाहेरून मोडाचा जव आणायची. ही पहिल्यांदाच गेलनच्या स्वतःच्या शेतातल्या जवाची. हातभट्टीवाले पहिल्या धारेची ऐट मिरवतात, पण डार्लाच्या भट्टीत पहिली धार बाजूला काढतात, शेवटची परत हंड्यात घालतात आणि पिंपाकडे पाठवतात ती फक्त मधली. त्या मधल्या धारेने टाकी भरलेली होती. डार्ला परत आली की ती तीन जुन्या पिंपांत भरायची होती.

हर्शेलने भरदिवसा, दार उघडं ठेवून काम केलं. आपलं पिंप गडगडत आणलं, गरम पाण्याने फुगवलं, कुठे पाझरत नाही हे बघितलं, पाणी ओतलं आणि पंपाची नळी आत सोडली. लेकीच्या घरात कसली चोरी, असं त्याला वाटत होतं. तो चर्चमधलं गाणं गुणगुणत होता. दारू काठाशी आली तेव्हा त्याने बूच ठोकलं. आयुष्यात पहिल्यांदा. दोन पिंपांपुरती दारू टाकीत शिल्लक ठेवली, म्हणजे न्यायाने वागलो, अशी स्वतःची समजूत घातली.

डार्ला परतली, गोदामात गेली, आणि "डॅडी!" ही हाक गेलनने शेतात ट्रॅक्टर चालू असताना ऐकली, असं गेलन सांगतो. काळवंडलेल्या ओळीत एक गोरंपान पिंप. लपवणार तरी कसं? हर्शेलने लपवलंही नव्हतं.

"त्यात काय आहे?"

"तुझीच आहे."

"माझी कुठली?"

"टाकीतली."

"गेलनच्या जवाची?"

हर्शेलने टोपी सारखी केली. डार्ला फरशीवर बसली. "डॅडी, त्या दारूची वर्षभर वाट बघितली मी. पेरल्यापासून."

"मी चाळीस वर्षं बघितली," हर्शेल म्हणाला. मग त्याचं त्यालाच वाटलं, की हे बोलायला नको होतं. पण एकदा बोलल्यावर तो थांबला नाही. पाण्याचं बोलला, दिव्याचं बोलला, कधीच न भरलेल्या पिंपांचं बोलला. डार्ला ऐकत राहिली. तिचा राग गेला नाही, पण त्यात दुसरंही काही मिसळलं.

गेलन हात पुसत आला. हा माणूस दिवसाला पाचसात वाक्यं बोलतो. "जव माझा ना?" तो म्हणाला. "मग राहू दे. बघू तरी."

डार्ला उठली. "ठीक आहे. बघू. पुढच्या वर्षीच्या कापणीला उघडू, म्हणजे दोन उन्हाळे मिळतील त्याला. त्यात गेलनचा जव सापडला, तर त्यापुढच्या वर्षीची सगळी दारू मी कोऱ्या पिंपांत भरीन. तूच करायची पिंपं, लागेल ते लाकूड आणून देते. आणि नाही सापडला, तर ती कोपऱ्यातली सगळी जुनी पिंपं तू तासायची, शेकायची. उष्टी-खरकटी काही न म्हणता."

"आणि सापडला की नाही हे कोण सांगणार? तू?"

"तू."

"मी?"

"तूच. तू गळाला लागलेल्या माशांच्या बाबतीत खोटं बोलतोस, हे सगळ्या गावाला माहीत आहे. लाकडाच्या बाबतीत बोललेला मला आठवत नाही."

हर्शेलला वाटलं, पैज इथेच जिंकली. ज्याच्या हाती निकाल तो हरतो कसा? रात्री अंथरुणावर मात्र त्याच्या लक्षात आलं, की पोरीने आपल्याला पक्कं अडकवलंय.

दोन उन्हाळे गेले. पत्रा तापायचा, पिंपं उकडायची, रात्री गार व्हायची. हर्शेल गळती बघायच्या निमित्ताने रोज आपल्या पिंपाशी जाऊन यायचा, वर हात ठेवायचा. ओपलला हे कळायचं राहतंय थोडंच?

"काय हर्शेल, कितवा महिना?"

"तुमचा रस्सा वाढा, ओपलबाई."

"मुलगा होईल हं. पुढे आलेलं पोट आहे."

कापणी संपली त्या संध्याकाळी सगळे गोदामात जमले. गेलनच्या केसांत अजून जवाचा भुसा होता. ओपल रानचेरीचं गोड सारण भरून भाजलेली पाय घेऊन आली होती, बोलावलेलं नसताना. डार्लाने बूच काढलं, लांब नळीने दारू ओढली आणि चार ग्लासांत ओतली. रंग गडद तांबूस, उन्हात धरला तर आतून लाल.

ओपलने घोट घेतला आणि डोळे मिटले. "अगं बाई! डार्ला, तुझी ती नेहमीची मला कधी कळली नाही, खरं सांगते. ही कळली."

"मस्त," गेलन म्हणाला. थोडा थांबून परत म्हणाला, "जव आहे की. लागतोय." गेलनचा हा चांगुलपणा होता. सासऱ्याचा चेहरा त्याने बघितला होता.

हर्शेलने अजून ग्लास ओठाला लावला नव्हता. तो नुसता वास घेत होता. जळलेल्या ओकचा, भाजलेल्या साखरेचा, आणि त्यामागे अख्खा कारखाना. पाच वाजताचा भोंगा, कपड्यांना धुराचा वास आणि फाटकाशी उभी असलेली नॅडीन, जिला तो वास कधी आवडला नाही आणि जिने ते कधी बोलून दाखवलं नाही. त्याचे डोळे भरून आले. त्याने ते पुसले नाहीत. मग घोट घेतला. आपल्या पिंपातली दारू अशी लागते तर. चांगली होती. त्याने आयुष्यात प्यायलेल्या कुठल्याही दारूहून चांगली होती.

मग त्याने जव शोधायला सुरुवात केली.

दुसरा घोट घेतला. तिसरा घेतला. "शेजारच्या पिंपातली दे," तो डार्लाला म्हणाला. शेजारचं पिंप जुनं, त्याच टाकीतली दारू, त्याच आठवड्यात भरलेली. ती फिकी होती, कोवळ्या उन्हाच्या रंगाची. हर्शेलने ती तोंडात घोळवली, आणि भट्टीच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्यासारखं झालं. पावाचा पापुद्रा. मध. मागाहून कापलेल्या शेताचा तो कोरडा, धुळकट वास, जो त्या संध्याकाळी गेलनच्या अंगालाही येत होता. मग तो परत आपल्या ग्लासाकडे वळला आणि तेच सगळं तिथे शोधू लागला.

सगळे त्याच्याकडे बघत होते, डार्ला सोडून. ती जमिनीकडे बघत होती आणि खालचा ओठ चावत होती. लहानपणी ती बापाकडे काही मागायची तेव्हा असाच ओठ चावायची. हर्शेलच्या लक्षात आलं, की आपण खोटं बोलावं असं पोरीला वाटतंय. पैज हरायला ती तयार होती. एक शब्द पुरला असता. गेलनने तर साक्षही देऊन ठेवली होती.

"नाही," हर्शेल म्हणाला. "जव नाही."

"आहे हो," गेलन म्हणाला.

"गेलन, तू भला माणूस आहेस. पण तुझा जव माझ्या लाकडाने खाल्ला." त्याने ग्लास पिंपावर ठेवला. "दारू झकास आहे. पण हिच्यात मका घातला असता तरी ही अशीच लागली असती. मग एवढा जव पेरायचा कशाला, आणि एवढ्या लांब येऊन भट्टी घालायची कशाला? पोरी, तू म्हणत होतीस ते खरं आहे. माझं लाकूड फार बोलतं."

डार्लाने त्याला मिठी मारली. गेलनने खाकरून टोपी काढली आणि परत घातली. बोलायला ओपलच उरली होती.

"आता ती ओतूनबितून देऊ नका हं! मला द्या."

ती सगळी ओपलकडेच गेली. डार्लाने आपलं नाव त्या बाटल्यांवर लावायला साफ नकार दिला, तेव्हा ओपलने स्वतःच्या हाताने कागद लिहून चिकटवले, 'हर्शेलची चूक'. तो हिवाळा आम्ही त्या दारूच्या जिवावर काढला. माणसं बर्फ झटकत आत यायची आणि काउंटरवरून ओरडायची, "ओपल, एक बर्गर आणि दोन चुका!" हर्शेल कोपऱ्यात बसून हे ऐकायचा, नाक मुरडायचा आणि आपल्यासाठीही एक चूक मागवायचा.

पण ते पुढचं. संध्याकाळच्या त्या निकालानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी हर्शेल नाश्त्यालाही गेला नाही. बोललं ते पाळायचं म्हणून थेट गोदामाच्या कोपऱ्यात गेला, एका जुन्या पिंपाचं झाकण काढलं आणि आत वाकून तासायला लागला. वरचा काळा थर निघाला, खाली लाकूड अगदी टवटवीत होतं. हे त्याला अपेक्षित नव्हतं. तो त्या फळीवरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिला.

पलीकडे डार्ला त्याचं पिंप रिकामं करत होती. शेवटचे थेंब गळेपर्यंत तिने ते उलटं करून ठेवलं, मग बुचाच्या भोकाला नाक लावून खोल वास घेतला.

"डॅडी, इकडे ये."

"कामात आहे मी. ते त्या पाहुण्यांच्या खोलीत नेऊन ठेव तू, माझी हरकत नाही."

"शोभेची वस्तू नाही ती आता. ये इकडे, वास घे."

हर्शेल आला. त्याने वाकून वास घेतला. कालचा तो दणका उरला नव्हता. मऊ, गोडसर वास होता, दूर कुणीतरी जेवण करत असावं असा.

"दोन उन्हाळ्यांत त्या दारूने त्याचं सगळं भांडण ओढून घेतलं," डार्ला म्हणाली. "आता हे मला हवं तसं झालंय. इतक्या चांगल्या हातचं पिंप माझ्याकडे दुसरं नाही."

"म्हणजे आता उष्टं झालं, म्हणून."

"वापरलेलं, डॅडी."

तो हसला. डार्लाने टाकीची नळी ओढून आणली. टाकीत गेल्या हंगामाच्या जवाची मधली धार होती, पुन्हा गेलनच्याच शेतातल्या. तिने नळी बापाच्या हातात दिली. तो म्हणाला, "तू भर. मला बघू दे." तिने भरली. हर्शेल पिंपाशी गुडघ्यावर बसून सांधे न्याहाळत होता, फळ्यांवर हात ठेवून दारू चढताना आतून येणारा थंडावा चाचपत होता. कुठे थेंब नाही.

काठाशी आल्यावर डार्लाने नळी काढली आणि बूच त्याच्यापुढे धरलं. त्याने ते ठोकलं, सावकाश, उजेडात, लेक बघत असताना.

"उघडायचं कधी?"

"बारा वर्षांनी तरी. जमलं तर पंधरा."

हर्शेल सत्त्याहत्तर वर्षांचा होता. "म्हणजे ही काही मी चाखत नाही," तो म्हणाला. रडगाणं नव्हतं ते, नुसता हिशेब होता.

डार्लाने विचारलं, "डॅडी, तू आयुष्यात पिंपं किती केलीस?"

"देव जाणे. ढिगांनी."

"त्यातल्या किती पिंपांतली चाखलीस?"

हर्शेलने विचार केला. "एकातली. काल."

"कशी होती?"

"नासवली होती मी," हर्शेल म्हणाला, आणि दोघं हसत सुटले. इतकी, की गेलन दारात येऊन बघून गेला. हसण्यातच डार्लाचे डोळे वाहायला लागले आणि ते हर्शेलला दिसलं. त्याने बाहीने तिचं तोंड पुसलं, सहा वर्षांची असताना पुसायचा तसं, नाकासकट. मग मोगरी उचलली आणि बूच घट्ट बसलेलं असूनही त्यावर आणखी एक टोला घातला.